‘बाई, पेटतंय पण प्रोग्राम जातच नाहीये’: आर्डुइनो अपलोडची अडचण वर्गात कशी सोडवायची

लक्षण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. आठवीचा गट आर्डुइनो उनो, म्हणजे प्रोग्राम चढवून चालवायचा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, संगणकाला जोडतो, बोर्डवरचा ऑनचा दिवा लागतो, अपलोडचं बटण दाबलं जातं. पडद्याच्या तळाशी एकाखाली एक ओळी उमटायला लागतात. प्रत्येक ओळीत ‘अटेम्प्ट’ एक, दोन, तीन असं दहापर्यंत आणि पुढे तेच ‘नॉट इन सिंक’. मग हाक येते, ‘बाई, पेटतंय पण प्रोग्राम जातच नाहीये.’ ३५ मिनिटांच्या तासातली बारा मिनिटं गेलेली असतात. त्यातून मागच्या आठवड्यात हाच बोर्ड, हाच प्रोग्राम नीट चाललेला असतो.

आमच्या प्रयोगशाळेत ‘बिघडलेले’ असं मार्करने लिहिलेलं एक पुठ्ठ्याचं खोकं होतं. तासाला जो बोर्ड चालला नाही, तो त्यात. दोन वर्षांत चौदा बोर्ड जमले आणि ते डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे निकामी वस्तूंच्या नोंदवहीत, चढवायची वेळ आली. सही करण्याआधी एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी ते एकेक करून तपासले. अकरा बोर्ड ठणठणीत होते. त्या अकरांसाठी मुलांना दोन वर्षं चार-चारच्या ऐवजी सहा-सहाच्या गटात बसावं लागलं होतं. मागच्या बाकावरच्या कितीतरी मुलांनी आर्डुइनोला हातसुद्धा लावला नव्हता. हे मला फार लागलं, म्हणून तेव्हापासून जे करते ते सविस्तर लिहिते आहे.

त्या एका सेकंदात काय घडतं

उपाय पाठ करण्यापेक्षा हे एवढं समजून घेतलं तर निम्मं काम होतं. नववीच्या मुलांना हे छान समजतं.

अपलोड दाबलं की संगणक सीरियल पोर्ट, म्हणजे बोर्डाशी बोलण्याचं दार, उघडतो. पोर्ट उघडताच डीटीआर नावाची एक रेषा खाली जाते आणि तो झटका ०.१ मायक्रोफॅरडच्या छोट्या कपॅसिटरमधून मुख्य चिपच्या रीसेटच्या पायाला बसतो. मुख्य चिप म्हणजे एटीमेगा ३२८पी. ती नव्याने सुरू होते आणि सगळ्यात आधी तिच्यातला बूटलोडर चालतो. ३२ किलोबाइटच्या मेमरीतला जेमतेम अर्धा किलोबाइट व्यापणारा हा प्रोग्राम साधारण एक सेकंद कान देऊन बसतो. तेवढ्यात संगणकाने हाक मारली तर तो उत्तर देतो आणि नवीन प्रोग्राम उतरवून घेतो. हाक आली नाही तर आधीचाच प्रोग्राम सुरू होतो.

‘नॉट इन सिंक’चा अर्थ इतकाच, की संगणकाने दहा वेळा हाक मारली आणि ओळखीचं उत्तर आलं नाही. बोर्ड जळला असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. हाक वाटेत अडली असेल, भलत्याच दारावर मारली असेल, बोर्डाला ऐकू आली नसेल, किंवा दुसरंच कुणीतरी मध्ये बोलत असेल. अडचण या चारपैकी कुठे आहे एवढंच शोधायचं असतं.

एक गोष्ट दिव्यांवरूनही कळते. अपलोड चालू असताना आरएक्स आणि टीएक्स असे दोन बारके दिवे बघायला सांगा. दोन्ही लुकलुकले तर संवाद चालू आहे. एकच लुकलुकला तर संगणक बोलतोय आणि बोर्ड गप्प आहे. एकही नाही, तर हाक बोर्डापर्यंत पोचलेलीच नाही.

आधी एक खात्रीचा संच

काहीही तपासण्याआधी एक केबल आणि एक बोर्ड खात्रीचा म्हणून वेगळा काढा आणि कपाटात कुलपात ठेवा. तो प्रोजेक्टला द्यायचा नाही, प्रदर्शनाला न्यायचा नाही. तपासणीपुरताच बाहेर काढायचा.

अडचण आली की मुलं केबल बदलतात, पोर्ट बदलतात आणि बोर्डही बदलतात, सगळं एकदम. मग चाललं तरी कशामुळे चाललं ते कळत नाही आणि तोच दोष पुढच्या तासाला दुसऱ्या गटाकडे जातो. आमच्याकडे आता नियम आहे: एका वेळी एकच वस्तू बदलायची आणि ती खात्रीच्या संचातली. आधी केबल, मग बोर्ड, शेवटी संगणक. ज्या बदलाने काम झालं, दोष त्या जागेचा. हा नियम बसायला आम्हाला महिनाभर लागला. पण आता माझ्या आधी मुलंच एकमेकांना टोकतात, ‘अरे, एकच बदल.’

केबल

उनोला प्रिंटरची चौकोनी टोकाची केबल लागते. ती बहुधा चार तारांचीच असते, त्यामुळे तिथे दोष येतो तो टोकाशी पिळून तार तुटल्याचा. नॅनो, ईएसपी ३२ आणि मायक्रोबिट या अशाच दुसऱ्या छोट्या बोर्डांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना मोबाइल किंवा स्पीकरबरोबर आलेल्या केबली बसतात आणि त्यातल्या काही फक्त चार्जिंगच्या असतात. आत ५ व्होल्ट आणि ग्राउंड अशा दोनच तारा, माहितीच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. वीज येते म्हणून दिवा लागतो, आणि दिवा लागला म्हणून केबल चांगली असा समज होतो. ‘पेटतंय पण जात नाहीये’ हे वाक्य नॅनोच्या बाबतीत ऐकलं की मी केबलवरच पहिला संशय घेते.

परीक्षा सोपी आहे. त्या केबलने मोबाइल संगणकाला जोडा. फाइल ट्रान्सफरचा पर्याय आला तर केबल माहिती नेते. नुसतंच चार्जिंग दाखवलं तर ती प्रयोगशाळेतून बाहेर. तपासून पास झालेल्या केबलीला आम्ही टोकाशी हिरवा दोरा बांधतो. बिनदोऱ्याची केबल गटाला द्यायची नाही.

चुकीचं दार: पोर्ट आणि बोर्डाची निवड

जुन्या डेस्कटॉपवर ‘कॉम १’ नावाचं पोर्ट आधीपासूनच असतं. ते मदरबोर्डचं स्वतःचं असतं, त्याचा आर्डुइनोशी काही संबंध नाही. टूल्समधल्या पोर्टच्या यादीत एकच नाव दिसतं म्हणून मुलं तेच निवडतात. बोर्डाची केबल काढा, यादी बघा. परत लावा, यादी बघा. जे नाव नव्याने आलं तेच आपलं.

दुसरी अडचण दर तासाला येते आणि तिचं कारण कळेपर्यंत मी बरीच चक्रावले होते. शाळांत येणाऱ्या स्वस्त उनो आणि नॅनोवर यूएसबीसाठी सीएच ३४० ही चिप असते. तिला स्वतःचा असा वेगळा अनुक्रमांक नसतो. त्यामुळे विंडोज बोर्ड ओळखत नाही, तो कुठल्या खोबणीत लावला ते लक्षात ठेवतो. डावीकडच्या खोबणीत कॉम ३, तोच बोर्ड उजवीकडे लावला की कॉम ५. सोमवारी एका खोबणीत लावून पोर्ट निवडलेलं असतं, बुधवारी दुसऱ्या खोबणीत लावतात आणि संगणक मात्र कॉम ३ वरच हाका मारत बसतो. आम्ही प्रत्येक संगणकाच्या एकाच खोबणीवर तिच्या पोर्टचा क्रमांक लिहून चिकटपट्टी लावली आहे. आर्डुइनो तिथेच लावायचा. माझ्या अंदाजाने आमच्या निम्म्या तक्रारी या पट्टीने गेल्या.

बोर्डाच्या निवडीत नॅनो फसवतो. नॅनोचे दोन प्रकारचे बूटलोडर बाजारात आहेत. जुना सेकंदाला ५७,६०० बिटच्या वेगाने बोलतो, नवा १,१५,२०० च्या. वेग जुळला नाही की उत्तर येऊनही ते संगणकाला कळत नाही आणि पडद्यावर तेच ‘नॉट इन सिंक’. टूल्समध्ये प्रोसेसर या पर्यायाखाली ‘ओल्ड बूटलोडर’ निवडून बघा. ज्या नॅनोला ते लागतं, त्याच्या पाठीवर ‘जुना’ असं लिहून ठेवा.

‘मागच्या आठवड्यात चाललं होतं’: ड्रायव्हर

हा दोष सगळ्यात जास्त छळतो, कारण यात कुणाचीच चूक नसते. सुट्टीत संगणकाला इंटरनेट मिळतं, विंडोज स्वतःला अद्ययावत करून घेतं आणि त्याच ओघात सीएच ३४० चा ड्रायव्हर, म्हणजे त्या चिपशी बोलायला संगणकाला लागणारा प्रोग्राम, तोही नवा होतो. नव्या ड्रायव्हरचं बाजारातल्या बऱ्याच नकली चिपांशी पटत नाही. पोर्ट यादीत व्यवस्थित दिसतं, नाव बरोबर येतं, पण अपलोडला ‘कान्ट सेट कॉम-स्टेट’ असा किंवा त्याच्या आसपासचा संदेश येतो. अख्ख्या प्रयोगशाळेचे किट एकाच खरेदीत आलेले असतात, म्हणून सगळेच बोर्ड एका दिवशी बंद पडतात आणि वाटतं की विजेच्या झटक्याने जळाले.

उपाय मागे जाण्याचा आहे. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्ट्सखाली सीएच ३४० वर उजवी टिचकी मारा, प्रॉपर्टीज, मग ड्रायव्हर, मग ‘रोल बॅक ड्रायव्हर’. ते बटण पुसट असेल तर ‘अपडेट ड्रायव्हर’मधून संगणकावरचीच यादी उघडा आणि जुनी आवृत्ती निवडा. २०१९ सालची ३.५ ही आवृत्ती आमच्याकडे सगळ्या बोर्डांना चालते. ती एका पेनड्राइव्हवर ठेवून दिली आहे. यासाठी संगणकाचा अॅडमिन पासवर्ड लागतो. तो शाळेत कुणाकडे आहे ते आजच विचारून ठेवा, तास चालू असताना शोधत फिरू नका.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं त्रिकोणी चिन्ह असेल तर ड्रायव्हर बसलेलाच नाही. आणि बोर्ड लावल्यावर यादी हलतच नसेल, तर परत केबलकडे जा.

उबुंटू वापरणाऱ्या शाळांसाठी दोन गोष्टी. ‘परमिशन डिनाइड’ आलं तर त्या वापरकर्त्याला ‘डायलआउट’ गटात घालावं लागतं आणि त्यानंतर लॉगआउट करून पुन्हा आत यावं लागतं. उबुंटू २२.०४ वर मात्र बोर्ड लावल्यावर पोर्ट क्षणभर दिसून गायब होतं. तिथे बीआरएलटीटीवाय नावाची सेवा सीएच ३४० ला ब्रेल यंत्र समजून ताब्यात घेते. ती काढून टाकली की अडचण संपते. पण ही सेवा दृष्टिहीन वापरकर्त्यांच्या ब्रेल डिस्प्लेसाठी आहे. शाळेत कुणी विद्यार्थी तो वापरत असेल तर त्याच्या संगणकावरून ती अजिबात काढू नका, आर्डुइनोसाठी दुसरा संगणक घ्या.

मध्ये कोण बोलतंय?

उनोवरचे ० आणि १ हे पिन संगणकाशी बोलण्याच्याच वाटेवर आहेत. तिथे ब्लूटूथचं एचसी-०५ किंवा आणखी काही जोडलेलं असेल तर दोघं एकदम बोलतात आणि अपलोड फसतं. रोबो गाडीच्या तासाला हे हमखास होतं. अपलोडपुरत्या त्या दोन वायरी काढायच्या, मग परत लावायच्या. साध्या दिव्याच्या प्रयोगांत तर ० आणि १ वापरूच देऊ नका, मोजणी २ पासून सुरू करा.

सीरियल मॉनिटर, म्हणजे बोर्डाशी मजकुराची देवाणघेवाण दाखवणारी आर्डुइनोच्या प्रोग्राममधली चौकट, दुसऱ्या खिडकीत उघडा राहिला, किंवा आर्डुइनोचा प्रोग्राम दोनदा उघडला गेला, तर ‘अॅक्सेस इज डिनाइड’ येतं. जादाच्या खिडक्या बंद केल्या की झालं.

बोर्ड खरंच मेलाय का? प्रतिध्वनीची चाचणी

खोक्यातले अकरा बोर्ड याच चाचणीने वाचले. दोन जम्पर वायरी पुरतात. उनोवर एका वायरीने रीसेट आणि ग्राउंड जोडा, म्हणजे मुख्य चिप झोपून राहते. दुसरीने पिन ० आणि पिन १ एकमेकांना जोडा. नॅनोवर तर हे चारही पिन एका टोकाला ओळीने शेजारी शेजारीच आहेत. आता सीरियल मॉनिटर उघडा, काहीतरी लिहा आणि पाठवा. संगणकातून निघालेलं अक्षर केबलमधून यूएसबीच्या चिपपर्यंत जातं, तिथून पिनवर येतं, वायरीवरून वळतं आणि त्याच वाटेने परत येतं.

पहिल्यांदा हे मी नववीच्या एका मुलीकडून करून घेतलं. तिने वायरी लावल्या, मॉनिटर उघडला, मराठी कळफलकावर ‘बाई’ असं लिहून एंटर दाबलं. खालच्या चौकटीत ‘बाई’ उमटलं. तिने ० आणि १ मधली वायर एका बाजूने उपटली आणि पुन्हा एंटर दाबलं. काहीच आलं नाही. वायर परत लावली, परत ‘बाई’. चार-पाच वेळा तिने हे केलं. वायर धरलेला तिचा हात बोर्डावर होता, डोळे पडद्यावर, आणि मग तिने मान वर करून सांगितलं, ‘म्हणजे इथपर्यंतचं सगळं चांगलं आहे. जे काय आहे ते पुढे आहे.’ इतकी नेमकी दोषाची हद्द मला तोवर फळ्यावर समजावून सांगता आली नव्हती.

शब्द परत आला, म्हणजे केबल, ड्रायव्हर, पोर्ट आणि यूएसबीची चिप या चारही गोष्टी निर्दोष. दोष बोर्डाच्या निवडीत, मुख्य चिपमध्ये किंवा तिच्या बूटलोडरमध्ये. शब्द परत आला नाही तर दोष अलीकडचा. खात्रीच्या केबलने आणि खात्रीच्या संगणकावरही शब्द येत नसेल, तरच यूएसबीची चिप गेली असं म्हणायचं.

शब्द येतो पण अपलोड होत नाही अशा वेळी आधी हाताने रीसेट करून बघा. बोर्डवरचं रीसेटचं बटण दाबून धरा, पडद्यावर ‘अपलोडिंग’ आलं की लगेच सोडा. आपोआप होणारा रीसेट बिघडला असेल तर एवढ्याने काम होतं. नाहीतर बूटलोडर पुन्हा भरावा लागतो आणि त्यासाठी दुसरा चालू उनो पुरतो. त्याच्यावर उदाहरणांतला ‘आर्डुइनो आयएसपी’ प्रोग्राम चढवा. मग त्याच्या रीसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, ऋण टोक ग्राउंडला. त्याचा पिन १० आजारी बोर्डाच्या रीसेटला, ११, १२, १३ त्याच क्रमांकांना, ५ व्होल्ट आणि ग्राउंड आपापल्या जागी. टूल्समध्ये प्रोग्रामर म्हणून ‘आर्डुइनो अॅज आयएसपी’ निवडून ‘बर्न बूटलोडर’. दहावीच्या गटाला हे एकदा दाखवलं, नंतरचे त्यांनीच केले.

अपलोड होतं, पण सर्व्हो हलला की पोर्ट गायब

ही तक्रार वेगळी असली तरी त्याच खोक्यात बोर्ड पाठवते. सर्व्हो म्हणजे सांगितलेल्या कोनात फिरणारी मोटर. एसजी ९० हा निळा सर्व्हो छोटा दिसतो, पण अडकला किंवा झटक्याने सुटला की काही शे मिलिअँपिअर ओढतो. संगणकाच्या यूएसबी २ च्या खोबणीची मर्यादा ५०० मिलिअँपिअर आहे आणि उनोवर तेवढ्याचाच, आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज आहे. व्होल्टेज कोसळतं, बोर्ड पुन्हा सुरू होतो, पोर्ट तुटतं. बिनअडॅप्टरच्या एका हबवर चार गट बसले तर आणखी लवकर.

सर्व्होला चार पेन्सिल सेलची वेगळी वीज द्या आणि सेलचं ऋण टोक आर्डुइनोच्या ग्राउंडला जोडा. हे ग्राउंड जोडणं विसरलं तर सर्व्हो नुसता थरथरतो. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी इथे चालत नाही, तिच्यात तेवढा प्रवाह देण्याची ताकद नसते. आणि ती बॅटरी कधीही ५ व्होल्टच्या पिनला लावू देऊ नका. त्या पिनला संरक्षण नाही, चिप जागच्या जागी जळते. खोक्यातले जे तीन बोर्ड खरंच गेले होते, त्यातले दोन असेच गेले होते.

अपलोडपर्यंत पोचतच नाही

‘स्ट्रे’ आणि पुढे ३४० असा आकडा दिसला तर प्रोग्रामात कुठेतरी देवनागरी अक्षर किंवा अंक शिरला आहे. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराचा पहिला बाइट २२४ असतो. अष्टमान पद्धतीत तो ३४० होतो आणि कंपायलर, म्हणजे आपला प्रोग्राम चिपच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम, तेच सांगत असतो. मराठी कळफलक चालू राहिला आणि १००० देवनागरीत टाइप झालं की हे येतं. ३४२ असेल तर व्हॉट्सअॅप किंवा वर्डमधून उतरवलेली वाकडी अवतरणचिन्हं असतात. ती पुसून आर्डुइनोच्याच खिडकीत पुन्हा टाइप करायची. मराठीची भीती मात्र मुलांच्या मनात बसू देऊ नका. दोन तिरक्या रेषांनंतरच्या टिपणात मराठी बिनधास्त चालतं. आमची मुलं ‘इथे दिवा लागतो’, ‘इथे वाट बघतो’ असं लिहितात आणि त्यामुळे त्यांना स्वतःचा प्रोग्राम पुढच्या आठवड्यातही कळतो.

ईएसपी ३२ वर ‘कनेक्टिंग’पुढे नुसते ठिपके येत राहिले तर बोर्डवरचं ‘बूट’ बटण दाबून धरा, लिहिणं सुरू झालं की सोडा. मायक्रोबिट संगणकावर ‘मेंटेनन्स’ नावाच्या ड्राइव्हसारखा उघडला तर केबल लावताना रीसेट दाबलं गेलं होतं. काढून, बटणाला हात न लावता परत लावा.

डेड स्टॉकला चढवण्याआधी

आता आमच्याकडे खोक्याच्या झाकणाला एक कागद चिकटवलेला आहे. बोर्ड आत टाकणाऱ्या गटाने त्यावर लिहायचं: तारीख, बोर्डाचा क्रमांक, पडद्यावरची नेमकी ओळ, दोनपैकी कुठला दिवा लुकलुकला, आणि प्रतिध्वनी आला की नाही. ‘चालत नाही’ एवढंच लिहिलेलं मी परत पाठवते.

जळालेल्या दोन बोर्डांवरची मुख्य चिप उभ्या पायांची, सॉकेटात बसवलेली होती. पेचकसाने दोन्ही टोकांकडून थोडी थोडी उचलून ती काढली आणि खाचेची दिशा बघून बूटलोडर भरलेली नवी चिप बसवली. दोन्ही बोर्ड चालू झाले. तिसऱ्याची यूएसबीची चिप गेली आहे, पण मुख्य चिप जिवंत आहे. त्यावर शेजारच्या उनोवरून ‘अपलोड यूझिंग प्रोग्रामर’ने प्रोग्राम चढवतो. सध्या तो शाळेच्या बागेत मातीचा ओलावा मोजतो आहे, आणि त्याला संगणक लागतच नाही.